ऑक्टोबरअखेरीस कनेक्टिकटला निघालोय: लेकीचं बाळंतपण आणि अवेळचा बर्फ

गोदाकाठ

नमस्कार मंडळी.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी आणि हे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेला निघतोय. लेक-जावई कनेक्टिकटात, हार्टफर्डच्या पश्चिमेला एका लहान गावात राहतात. स्वतःचं घर घेतलंय, मागे उंच झाडं आहेत. तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर दिली आहे.

परवा जावई सहज बोलून गेले की त्यांच्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं, २०११ साली इथे ऑक्टोबरातच फूटभर बर्फ पडला आणि गाव आठवडाभर अंधारात होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवला. समुद्र जवळ असला की हवा सौम्य राहते, हे किती मुलांना शिकवलं असेल. कनेक्टिकटला तर दक्षिणेला सगळा समुद्रकिनाराच आहे. मग तिथे हिवाळा सुरू व्हायच्या आधीच एवढा बर्फ कसा पडतो? आणि हे पुन्हा होण्यासारखं आहे का?

दुसरं म्हणजे तयारी. दोघांसाठी जाड जाकिटं, लोकरी मोजे, कानटोप्या घेतल्यात. बाळासाठी दुपटी, झबली, लोकरीची टोपडी शिवून-विणून तयार आहेत. आणखी काय घ्यावं? तिथे राहणाऱ्या कुणी मनापासून सांगितलं तर फार बरं होईल.

पंचगंगा

ताई, नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची, पण २०११ च्या आधीपासून हार्टफर्डच्या पश्चिमेच्या फार्मिंग्टन व्हॅलीत राहते. म्हणजे तुमच्या लेकीचं गाव बहुधा माझ्या जवळपासचंच. ते वादळ मी घरात बसून पाहिलंय. तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला घेतलं, कारण तुम्ही जाकिटांची काळजी करताय आणि मला काळजी वाटली ती तुम्ही ओघात लिहिलेल्या त्या उंच झाडांची.

आधी भूगोल, कारण तुम्ही शिक्षिका आहात आणि प्रश्न अगदी योग्य जागी विचारलाय. समुद्रामुळे हवा सौम्य राहते हे खरंच आहे, आणि त्या दिवशीही किनाऱ्यावरच्या गावांना समुद्राने वाचवलं. ऑक्टोबरच्या शेवटी इथलं समुद्राचं पाणी अजून १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यावरून येणारा वारा जमिनीलगतची हवा उबदार ठेवतो, म्हणून न्यू हेवनच्या बाजूला बराच वेळ पाऊसच पडतो. पण हार्टफर्ड किनाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटर आत आहे. तिथपर्यंत ती ऊब पोचत नाही. उत्तरेला कॅनडावर जड, थंड हवा बसलेली असते आणि ती खाली आमच्या खोऱ्यात उतरते. त्याच वेळी कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन किनाऱ्याकिनाऱ्याने ईशान्येला सरकतं आणि त्याच कोमट समुद्राची वाफ उचलून आमच्या डोक्यावर आणून ओततं. या वादळांना इथे नॉरईस्टर म्हणतात. म्हणजे जो समुद्र किनाऱ्याला पाऊस देतो, तोच आत राहणाऱ्यांना बर्फासाठी पाणी पुरवतो. शिवाय हिमकण खाली येताना वितळतात तेव्हा आजूबाजूच्या हवेतली उष्णता शोषून घेतात. जोर वाढला की हवा त्यामुळेच शून्याजवळ येते आणि पावसाचा बर्फ होतो. न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी असंच झालं. सकाळी पाऊस, मग बर्फ, आणि सेंट्रल पार्कात २.९ इंच. १८६९ पासून तिथे नोंदी ठेवल्या जातात. ऑक्टोबरात एक इंचसुद्धा बर्फ त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता.

आमच्याकडे, हार्टफर्डजवळच्या ब्रॅडली विमानतळावर १२.३ इंच झाला. पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरांत पेरू नावाचं गाव आहे, तिथे ३२ इंच. उंची आणि किनाऱ्यापासूनचं अंतर, या दोन गोष्टींनी सगळा हिशोब ठरतो. हे तुम्ही नकाशा घेऊन विद्यार्थ्यांना एका तासात समजावून द्याल.

आता मुद्द्याचं. त्याच वर्षी जानेवारीच्या १२ तारखेला या भागात दोन फुटांच्या आसपास बर्फ पडला होता. आमच्या घरचे लाईट गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी फावडी घेऊन सगळी गल्ली बाहेर होती, मुलं घसरगुंड्या करत होती. आणि ऑक्टोबरात त्याच्या निम्म्या बर्फाने सगळं राज्य आडवं झालं. कारण झाडांवर पानं होती. जानेवारीत फांद्या उघड्या असतात, बर्फ भुरभुरीत असतो, तो गळून पडतो. ऑक्टोबरातला बर्फ पाण्याने जड असतो आणि प्रत्येक पान त्याला तळहातासारखं धरून ठेवतं. ओकची पानं तर सगळ्यांत उशिरा गळतात. जमीनही गोठलेली नसते. ऑगस्टच्या शेवटी इरीन वादळ येऊन गेलं होतं, त्यानंतरही पाऊस झाला होता. ओल्या मातीतून झाडं मुळांसकट उपटली गेली.

त्या शनिवारी, २९ ऑक्टोबरला, आमचा दिवाळीचा फराळ ठरला होता. बुधवारी लक्ष्मीपूजन आणि शुक्रवारी भाऊबीज होऊन गेली होती, पण इथे नोकऱ्यांमुळे सगळे सण शनिवारी येतात. दुपारी बर्फ सुरू झाला. तासाभरात एकेकाचे फोन आले, की आम्ही निघत नाही. माझ्या घरी पातेलंभर मसालेभात आणि मी. पोर्चमध्ये आकाशकंदील लावलेला होता. अंधार पडता पडता मागच्या जंगलात पहिली फांदी मोडली आणि मग थांबलंच नाही. रात्रभर तो कडकडाट आणि मधेच आभाळ निळंहिरवं उजळायचं. विजेच्या खांबावरचे ट्रान्सफॉर्मर जात होते. माझ्या नवऱ्याने मुलांना वरच्या बेडरूममधून उचलून खालच्या मधल्या खोलीत आणलं, कारण वर छपरालगत ओक होता. त्या रात्री घेतलेला तो सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय होता आणि तुम्हालाही मी तेच सांगेन. वारा आणि ओला बर्फ एकत्र आला तर झाडाच्या बाजूच्या खोलीत कुणी झोपायचं नाही, गरोदर बाईने तर नाहीच.

सकाळी उजाडल्यावर आमच्या रस्त्यावर एकही वायर जागेवर नव्हती. कनेक्टिकटात आठ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि आमच्या व्हॅलीत काही गावं जवळजवळ पूर्ण अंधारात होती. खूप घरांना वीज यायला आठवड्याहून जास्त वेळ लागला. दुसऱ्या राज्यांतून, कॅनडातून लाइनमन आले होते. अनेक गावांनी मुलांचं हॅलोवीनसुद्धा, म्हणजे ३१ ऑक्टोबरचा घरोघरी गोळ्या-चॉकलेटं मागायचा सण, पुढे ढकललं, कारण रस्त्यांवर तारा लोंबत होत्या.

आता वीज जाणं म्हणजे काय, हे नाशिकमध्ये बसून पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे लाईट गेले की मेणबत्ती लावतो आणि वाट पाहतो. इथे घराची ऊब जाते. हिटिंग गॅसवर असो की तेलावर, गरम हवा किंवा पाणी घरभर फिरवणारी मोटर विजेवरच चालते. आणि आमच्या भागात बऱ्याच घरांना नगरपालिकेचं पाणी नसतं, अंगणात बोअर असते. पंप बंद, म्हणजे नळ बंद, फ्लश बंद. पेट्रोलपंपही विजेवर, त्यामुळे गाडीत पेट्रोल नसेल तर तीही बंद. दोन दिवसांनी मोबाइलची रेंजही गेली, कारण टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या. घरातलं तापमान रोज थोडं थोडं उतरत जातं. चौथ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात खोबरेल तेल दगड झालं होतं.

आम्ही दिवसा हायस्कूलमध्ये जायचो. गावाने तिथे जनरेटरवर निवारा उघडला होता. गरम पाण्याची अंघोळ, फोन चार्जिंग, कॉफी. रात्री ज्या मैत्रिणीकडे वीज आली होती तिच्याकडे चार कुटुंबं. त्या आठवड्यात ठरलेला फराळ तिथे झाला. प्रत्येकाने आपापल्या बंद फ्रीजमधून वाचवलेलं काय काय आणलं, आणि चकल्या-शंकरपाळ्यांचे डबे तर तसेच होते. इथल्या मराठी मंडळाची माणसं यादी करून वयस्कर आईवडील आलेल्या घरांना रोज भेट देत होती. तुम्ही आल्यावर पहिलं काम हे करा: लेकीला सांगून मंडळाच्या दोन-तीन घरांचे नंबर कागदावर लिहून फ्रीजवर लावा. कागदावर. फोनमधले नंबर फोन बंद पडल्यावर उपयोगाचे नाहीत.

आता, असं दरवर्षी होतं का? नाही. हार्टफर्ड भागात ऑक्टोबरात जमिनीवर टिकेल असा बर्फ क्वचितच पडतो. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, पुढेमागे पहिला बर्फ आणि डिसेंबरपासून खरा हिवाळा, ही नेहमीची चाल. त्यामुळे प्रवास रद्द करण्यासारखं काही नाही. पण तुमची तारीख बरोबर त्या मधल्या काळात येते, जेव्हा ओक अजून पानांनी भरलेले असू शकतात. म्हणून जावयांना आजच सांगा, तुम्ही येण्याआधी एखाद्या परवानाधारक झाडवाल्याला बोलावून घरावर आणि वायरीवर आलेल्या फांद्या दाखवून घ्या. या कामाला ऑक्टोबरात लवकर तारीख मिळत नाही.

आणि हे विचारून कळवा: घराला बोअर आहे की नळाचं पाणी? जनरेटर आहे का? शेगडी गॅसची की विजेची? त्यावर पुढचं सांगते.

एडिसनवासी

पंचगंगा यांनी लिहिलेलं सगळं खरं. मी न्यू जर्सीत, किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ. २०११ ला आमच्याकडे चिखलासारखा बर्फ झाला. न्यूअर्कला पाच इंच, पण वर डोंगराळ वेस्ट मिलफर्डला १९. एकाच राज्यात, गाडीने तासाभराच्या अंतरावर.

फक्त ऑक्टोबरच नाही, नोव्हेंबरचाही विचार करा. १५ नोव्हेंबर २०१८, गुरुवार. अंदाज थोड्याच बर्फाचा होता, तोही पुढे पावसात बदलेल असा. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कात ६.४ इंच पडला आणि तोही नेमका ऑफिस सुटायच्या वेळेला. पानं तेव्हाही झाडांवर होती. मी मॅनहॅटनहून निघालो होतो. पोर्ट अथॉरिटीच्या बस टर्मिनलवर इतकी गर्दी झाली की लोकांना आत सोडेनात. रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्याच ट्रॅफिकमध्ये अडकल्या. काही गावांत शाळेच्या बस पोचू न शकल्याने मुलांनी रात्र शाळेत काढली. मी मध्यरात्री उलटून गेल्यावर घरी पोचलो आणि माझ्यासारखे हजारो होते.

काकू, हे सांगायचं कारण एकच. तुमच्या लेकीला दवाखान्यात न्यायची वेळ येईल तेव्हा अंदाजात 'एक-दोन इंच' असं ऐकून उशीर करू नका. बर्फ सुरू होण्याआधी निघायचं. तिच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, की तारखेच्या जवळ वादळाचा इशारा असेल तर आम्ही काय करायचं. ते लोक हा प्रश्न नेहमी ऐकतात आणि नीट उत्तर देतात. हॉस्पिटलला स्वतःचे जनरेटर असतात. अडचण असते ती रस्त्यात पडलेल्या झाडांची. घरातच कळा सुरू झाल्या आणि रस्ता बंद असेल तर ९११ हा इथला आणीबाणीचा नंबर लावायचा. अग्निशमनवाले करवती घेऊन रस्ता करत येतात.

गोदाकाठ

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. पंचगंगा ताई, उष्णतेचं आणि हिमकणांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून वाटलं, पुन्हा एकदा नववीच्या वर्गावर जावं.

लेकीला विचारलं. घराला बोअरच आहे. जनरेटर नाही. स्वयंपाकाची शेगडी गॅसची, सिलिंडरची टाकी बाहेर आहे म्हणे. घरावर एक मोठा ओक आलाय, त्याची पानं अजून हिरवी आहेत असं तिने काल सांगितलं. जावई झाडवाल्याला फोन करणार आहेत.

वीज गेली तर ऊब कशी ठेवायची, यावर माझा एक विचार होता. बाळ-बाळंतिणीला शेक आणि धुरी द्यायला मी आमच्या घरची जुनी लोखंडी शेगडी घेऊन यायचं ठरवलंय. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, धूप सगळं बांधून ठेवलंय. कोळसा तिथे बार्बेक्यूसाठी मिळतो असं लेक म्हणाली. म्हणजे लाईट गेले तरी खोलीत शेगडी पेटवून ठेवली की माझी लेक आणि बाळ उबेत राहतील. माझ्या आईने माझं, सासूबाईंनी जावांचं असंच केलं. हे चालेल ना?

पंचगंगा

ताई, नाही. कृपा करून शेगडी आणू नका. मी हात जोडून सांगते.

तुमच्या आईने, सासूबाईंनी केलं ते त्या घरांत ठीक होतं. वर कौलं, फटीफटीतून वारा, दार सताड उघडं, आणि शेक झाला की शेगडी परत अंगणात. इथली घरं थंडीसाठी अशी बंदिस्त बांधलेली असतात की काचांच्या दुहेरी खिडक्यांतून हवेची झुळूकही आत येत नाही. अशा खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर विझून निखारे छान लाल झाले की आपल्याला वाटतं, आता काही त्रास नाही. पण निखारे लाल असतात तेव्हाही तो वायू निघतच असतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. बाळंतीण तशीही थकलेली असते, तिला झोप लागली तर कुणालाच काही वेगळं वाटणार नाही. बाळ पोटात असताना तर धोका आणखी मोठा, कारण आईच्या रक्तातून तो बाळापर्यंत पोचतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०११ च्या त्या आठवड्यात कनेक्टिकटात घरात कोळशाची ग्रिल पेटवून आणि गॅरेजमध्ये जनरेटर चालवून काहींचे जीव गेले आणि कितीतरी लोक विषबाधा होऊन इस्पितळात पोचले. आमच्या ओळखीच्या एका घरात ग्रिल आत आणण्याचं चाललं होतं. घरात लहान मूल होतं, गारठा असह्य झाला होता, आईबापांचा हेतू तुमच्यासारखाच होता. शेजाऱ्याने पाहिलं आणि थांबवलं. तेव्हापासून दर ऑक्टोबरात मी मंडळाच्या नव्या कुटुंबांना हे सांगत असते आणि सांगत राहणार.

वीज असतानाही धुरी देऊ नका. धुराचा अलार्म वाजेल तो वेगळा, पण नवजात बाळाच्या छातीला तो धूर नकोच. तुमच्याकडचे ओवा-शेपा खाण्यात वापरा. शेकायला रबरी पिशवी आणा, गरम पाणी गॅसवर होतंच. पिशवी दुपट्यात गुंडाळून लेकीच्या कमरेला द्या. बाळाजवळ मात्र ठेवू नका.

लेकीला सांगा, घरातले कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आजच दाबून बघ. त्यातली बॅटरी जुनी असेल तर बदल. झोपायच्या मजल्यावर एक असायलाच हवा, आणि तो बॅटरीवर चालणारा हवा, कारण वीज गेल्यावरही तो चालू राहायला हवा.

बाहेरच्या टाकीवरची गॅसची शेगडी आहे हे उत्तम. वीज नसताना बऱ्याच शेगड्यांचे वरचे बर्नर काडीने पेटतात. तुमच्या मॉडेलचं जावयांनी आत्ताच करून पाहावं. पण तीही स्वयंपाकापुरती. ओव्हन उघडा ठेवून घर गरम करायचं नाही.

ऊब कशी ठेवायची? एक खोली धरायची. लहान, झाडापासून लांबची. सगळ्यांनी तिथेच झोपायचं. दाराखालच्या फटीला टॉवेल, खिडक्यांना रात्री रजया, दिवसा ऊन येणाऱ्या खिडक्यांवरच्या रजया काढून काचेतून ऊन आत घ्यायचं. बाळ आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागून, वरून आईच्या अंगावर पांघरूण, आणि त्या वेळी एक मोठं माणूस जागं. आणि खरं सांगते, तान्हं बाळ असताना हे एका रात्रीच्या वर करायचंच नाही. दुसऱ्या दिवशी उठायचं आणि जिथे वीज आहे तिथे जायचं. आमच्याकडे या. आमच्या घराला आता जनरेटर आहे, तो बाहेर, खिडक्यांपासून लांब बसवलाय. घरात दोन खोल्या मोकळ्या आहेत. मी तुम्हाला इथून वैयक्तिक निरोप पाठवते, त्यात माझा नंबर आहे.

मावशी_बॉस्टन

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून बाळापुरतं लिहिते. पंचगंगा यांनी शेगडीबद्दल लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द मानावा.

काकू, लोकरीची टोपडी विणलीत ती बाहेर नेताना आणि मांडीवर असताना छान. पाळण्यात झोपवताना मात्र डोक्यावर टोपडं, अंगावर सैल दुपटी, उशी काही नको. पांघरुणाऐवजी इथे अंगात घालायची झोपण्याची पिशवी मिळते, तिने बाळ उबेत राहतं आणि तोंडावर काही येत नाही. आपल्याला बाळ उघडं वाटतं, जीव होत नाही, मला माहीत आहे. मानेमागे हात लावून बघायचं. मान कोमट लागली तर बाळ ठीक आहे. हात-पाय गार लागतात त्यावर जाऊ नये.

दवाखान्यातून घरी आणताना गाडीत बाळाची खुर्ची लागते, ती मागच्या सीटवर आधीच बसवून ठेवा. थंडी आहे म्हणून बाळाला फुगीर जाकीट घालून त्यावर पट्टे बांधू नका. पट्टे घट्ट वाटतात, पण धक्का बसला की जाकीट दबतं आणि बाळ सैल पट्ट्यांतून निसटू शकतं. अंगात पातळ कपडे, पट्टे नीट आवळायचे, आणि मग वरून तुमची ती दुपटी पांघरायची. तुम्ही शिवलेली दुपटी इथे सगळ्यांत उपयोगी पडतील.

लेक अंगावर पाजणार असेल तर वीज जाण्याने त्यात अडचण नाही. तिला मात्र भरपूर पाणी आणि गरम खाणं हवं. बाटलीचं दूध द्यायची वेळ आली तर पाण्याशिवाय थेट देता येणाऱ्या तयार दुधाच्या छोट्या बाटल्या मिळतात, थोड्या आणून ठेवा. बोअर बंद पडल्यावर पावडर कालवायला आणि बाटल्या धुवायला पाणी कुठून आणणार?

एडिसनवासी

पडलेल्या तारांचं राहिलं. बर्फाखाली तार दिसत नाही. वादळ थांबल्यावर दोघांनी हौसेने अंगणात फोटो काढायला जाऊ नका. काका लोक सकाळी फेरी मारायला निघतात म्हणून मुद्दाम लिहितोय. तारेवर पडलेल्या फांदीलाही हात लावायचा नाही. वाकलेल्या झाडावरचा बर्फ काठीने झटकायलाही जाऊ नये. फांदी सुटून वर उसळते किंवा मोडून अंगावर येते.

गोदाकाठ

शेगडी काढून ठेवली. तुमचे शब्द यांना वाचून दाखवले, तेही गप्प झाले. मला हे कुणी सांगितलं नसतं तर मी आणली असती आणि प्रेमाने पेटवली असती. मावशी, मानेमागे हात लावायचं लक्षात ठेवते.

सकाळी फिरायला जाण्याची सवय यांचीच आहे, त्यांना तारांचं वाचायला दिलंय.

झाडवाला येऊन गेला. ओकच्या घरावरच्या तीन मोठ्या फांद्या कापायला हव्यात म्हणाला, पुढच्या आठवड्याची तारीख दिलीय. आता फक्त पाण्याचं सांगा. बोअर बंद पडली तर किती पाणी भरून ठेवायचं?

पंचगंगा

ताई, फार बरं वाटलं वाचून.

पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरा, बाळंतिणीला थोडं जास्तच. तुम्ही चौघं, म्हणजे तीन दिवसांचे पन्नास लिटर दुकानातून आणलेल्या सीलबंद कॅनमध्ये ठेवा. तळघरात ठेवलं तर गोठत नाही. फ्लशसाठी वेगळं. वादळाचा इशारा आला की त्याच दुपारी बाथटब स्वच्छ धुऊन काठोकाठ भरायचा. एक बादली एका दमात कमोडमध्ये ओतली की फ्लश होतो. ते पाणी पिण्यात घ्यायचं नाही. बाथटबचं बूच कधी कधी झिरपतं, त्यावर रबरी चकती ठेवा. ती हार्डवेअरच्या दुकानात दोन-चार डॉलरला मिळते. आणि टब भरलेला असेपर्यंत बाथरूमचं दार बंद.

त्याच दुपारी दोन्ही गाड्यांत पेट्रोल भरायचं, एक गाडी गॅरेजमधून बाहेर काढून ठेवायची. गॅरेजचं दार विजेवर उघडतं. हाताने उघडायची दोरी वर असते, ती जावयांनी तुम्हा दोघांनाही दाखवून ठेवावी, ते ऑफिसात असताना वेळ आली तर. मात्र गाडी गॅरेजमध्ये चालू ठेवून कुणी ऊब घेत बसायचं नाही, दार उघडं असलं तरीही.

डिंकाचे लाडू आणताय ना? ते बिनविजेचे महिनाभर टिकतात. विमानतळावर विचारलं तर मिठाई म्हणून सांगा, खाण्याचे पदार्थ आणलेत हे जाहीर करायला विसरू नका. निघायच्या आदल्या दिवशी मला निरोप करा. तुम्ही उतराल त्या आठवड्याचा अंदाज पाहून मी जावयांना फोन करते.